अंशांचे रेडियन: सूत्र पाठ न करता रूपांतर कसं करायचं

π भागिले १८० की १८० भागिले π? अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर करताना बहुतेकांचं पेन इथेच थांबतं. दोन्ही अपूर्णांक एकमेकांना उलटे केलेले, दोन्ही सारखेच ओळखीचे. ऐन परीक्षेत नेमका कोणता घ्यायचा हे आठवत नाही आणि मग अंदाजाने एक उचलला जातो. याचं कारण विसरभोळेपणा नाही. सूत्र आधी पाठ झालेलं असतं आणि रेडियन म्हणजे काय हे कळायचं राहून गेलेलं असतं. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी रेडियन नीट पाहू, मग रूपांतर. एकदा तो कळला की विचारायचा प्रश्न एकच उरतो: हा कोन अर्ध्या फेरीचा कितवा भाग आहे?

रेडियन हाताने मोजून पाहा

हे वाचून सोडू नका, पाच मिनिटं काढून करा. कंपासने कागदावर जरा मोठं वर्तुळ काढा, त्रिज्या ७-८ सेंटीमीटर तरी असू द्या. आता न ताणणारा दोरा घ्या आणि केंद्रापासून वर्तुळापर्यंत जेवढं अंतर आहे बरोबर तेवढाच कापा. म्हणजे दोऱ्याची लांबी झाली त्रिज्येइतकी. हा दोरा वर्तुळाच्या रेषेवर, तिच्या वळणाला धरून बसवा. दोऱ्याची दोन टोकं जिथे येतात तिथे खुणा करा आणि त्या दोन्ही खुणा केंद्राशी जोडा. केंद्रापाशी जो कोन तयार झाला तो १ रेडियन.

कोनमापक लावून पाहिलंत तर तो ५७ अंशांच्या किंचित पुढे भरेल. अचूक किंमत ५७.२९५८ अंश, म्हणजे जवळजवळ ५७ अंश १७ मिनिटे ४५ सेकंद. हा आकडा ६० च्या इतका जवळ का, हेही इथेच दिसतं. दोरा वर्तुळावर न वळवता दोन खुणांमध्ये सरळ ताणून धरला असता, तर तिन्ही बाजू त्रिज्येइतक्या झाल्या असत्या आणि समभुज त्रिकोणाचा ६० अंशांचा कोन मिळाला असता. दोरा वळणाने गेला म्हणून त्याची टोकं थोडी जवळ आली आणि कोन थोडा कमी भरला. हा ६० पुढे पडताळा घेताना फार उपयोगी पडणार आहे.

आता तोच दोरा एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत असा वर्तुळाभोवती लावत जा. सहा वेळा पूर्ण बसतो आणि शेवटी थोडी जागा उरते. ही जागा दोऱ्याच्या पाव भागाहून जराशी जास्त, साधारण ०.२८३ पट असते. म्हणजे पूर्ण फेरीत ६.२८३ दोरे मावले. परिघाचं सूत्र आठवा: २ × π × त्रिज्या. परिघाला त्रिज्येने भागलं की २π उरतो आणि त्याची किंमत ६.२८३ च आहे. पूर्ण फेरी २π रेडियनची असते ती एवढ्याचसाठी. त्यात पाठ करण्यासारखं काही नाही.

वर्तुळ लहान घेतलं असतं तर? दोराही त्याच प्रमाणात लहान झाला असता आणि कोन तोच राहिला असता. रेडियन हे कंसाच्या लांबीचं त्रिज्येशी असलेलं गुणोत्तर आहे. सेंटीमीटरला सेंटीमीटरने भागल्यावर एकक उडून जातं आणि नुसती संख्या उरते. म्हणूनच गणितात ‘कोन = २’ असं एककाशिवाय लिहिलं असेल तर तो २ रेडियन समजायचा, २ अंश नव्हे. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत रेडियनला बरीच वर्षं ‘पूरक एकक’ अशा वेगळ्या खान्यात ठेवलं होतं. १९९५ मध्ये तो खानाच रद्द झाला आणि रेडियन साधित एककांमध्ये गेला.

अंशाचं तसं नाही. पूर्ण फेरीचे ३६० भाग करण्याची रीत प्राचीन बॅबिलोनियातल्या ६० वर आधारलेल्या गणनेतून आपल्यापर्यंत आली. ३६० ला पुष्कळ संख्यांनी निःशेष भाग जातो, त्यामुळे व्यवहारात ती सोयीची आहे आणि टिकलीही. पण वर्तुळाकडे पाहून ३६० हा आकडा कुठूनही निघत नाही. माणसाने तो ठरवला. रेडियन मात्र वर्तुळाच्या स्वतःच्या त्रिज्येतून येतो.

लक्षात ठेवायचं एकच समीकरण

पूर्ण फेरी ३६० अंश, तीच २π रेडियन. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की:

१८० अंश = π रेडियन

एवढं लक्षात ठेवा. पूर्ण फेरीऐवजी अर्धी फेरी घेतो कारण त्यामुळे २ चा गुणक सांभाळावा लागत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ‘π = १८०’ असं कधीही लिहू नका. π ही संख्या आहे, तिची किंमत ३.१४१५९… आणि ती कोनांच्या धड्यातही तेवढीच राहते. १८० अंशांच्या बरोबरीचा असतो तो π रेडियनचा कोन. घाईत ‘रेडियन’ हा शब्द गळतो आणि त्यातून पुढे विचित्र चुका होतात. कुणी परिघाच्या सूत्रात π च्या जागी १८० घालतं, कुणी १.२ रेडियनच्या मागे उगाच π जोडून १.२π करतं.

समीकरणाला १८० ने भागलं तर १ अंश = π/१८० = ०.०१७४५३३ रेडियन. π ने भागलं तर १ रेडियन = १८०/π = ५७.२९५८ अंश. सुरुवातीचा प्रश्न इथे सुटतो. रेडियन हे मोठं माप आहे, एका रेडियनमध्ये ५७ हून जास्त अंश मावतात. मोठ्या मापाने मोजलं की आकडा लहान येतो. म्हणून अंशांकडून रेडियनकडे जाताना संख्या घटलीच पाहिजे, आणि तिला घटवणारा गुणक π/१८० हाच.

रूपांतराच्या पायऱ्या

७२ अंशांचा कोन घेऊ.

पहिली पायरी: कोनाला १८० ने भागून अपूर्णांक लिहा. ७२/१८०. हेच ‘अर्ध्या फेरीचा कितवा भाग?’ या प्रश्नाचं उत्तर.

दुसरी पायरी: अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्या. ७२ आणि १८० यांचा मसावि ३६. दोघांना ३६ ने भागलं की २/५.

तिसरी पायरी: त्याला π जोडा. २π/५ रेडियन. झालं.

चौथी पायरी, उत्तर दशांशात हवं असेल तरच: २ × ३.१४१५९ ÷ ५ = १.२५६६ रेडियन.

पाचवी पायरी: पडताळा. मूळ अंशांना मनातल्या मनात ६० ने भागा. ७२ ÷ ६० = १.२. खरं उत्तर याहून साधारण ५ टक्के जास्त असतं, कारण भागायला हवं ५७.३ ने. १.२ आणि १.२५६६ जुळतात. उत्तर ४१२५ किंवा ०.०२ असं काही आलं असतं तर इथेच पकडलं गेलं असतं. ही पायरी पाच सेकंदांची आहे आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची.

दुसऱ्या पायरीवर थोडं रेंगाळू. मसावि चटकन दिसला नाही तरी अडायला नको. १८० = २ × २ × ३ × ३ × ५. म्हणजे वरच्या आकड्याला २, ३ आणि ५ यांनीच भाग जातो का ते पाहायचं, तोही दोनदा २ ने, दोनदा ३ ने आणि एकदा ५ ने. ७, ११, १३ यांच्याकडे बघायचंही कारण नाही. उदाहरणार्थ ८४ अंश: २ ने भागून ४२/९०, पुन्हा २ ने २१/४५, ३ ने ७/१५. आता ७ ला ३ ने किंवा ५ ने भाग जात नाही, थांबा. उत्तर ७π/१५.

यातून एक छान पडताळा हाती येतो. कोन पूर्ण अंशांत असेल तर संक्षिप्त उत्तराचा छेद हा १८० चा विभाजकच असणार. असे विभाजक फक्त १८ आहेत: १, २, ३, ४, ५, ६, ९, १०, १२, १५, १८, २०, ३०, ३६, ४५, ६०, ९० आणि १८०. पूर्ण अंशांतल्या कोनाचं रूपांतर करून तुमच्या उत्तरात छेद ७, ८ किंवा १४ आला, तर कुठेतरी चुकलंय, पुन्हा करायचं.

भाग जातच नसेल तर? ३७ अंश घ्या. ३७ मूळ संख्या आहे, म्हणून उत्तर ३७π/१८० असंच राहील. ते अपूर्ण वाटलं तरी अपूर्ण नाही. दशांशात ०.६४५८.

थोडे वेगळे कोन

ऋण कोन. −२४० अंश. चिन्ह बाजूला ठेवा, २४०/१८० = ४/३, चिन्ह परत लावा: −४π/३. चिन्ह फिरण्याची दिशा सांगतं, रूपांतराशी त्याचा काही संबंध नाही.

एका फेरीपेक्षा मोठा कोन. ५०० अंश. ५००/१८० = २५/९, म्हणून २५π/९, दशांशात ८.७२६६. इथे अनेकजण आधी ३६० वजा करून १४० चं रूपांतर करतात आणि ७π/९ लिहितात. प्रश्न ‘समान अंतिम बाजू असलेला लहान कोन सांगा’ असा असेल तर ते बरोबर. नुसतं रूपांतर विचारलं असेल तर चूक, कारण ५०० अंश फिरणं आणि १४० अंश फिरणं यात पूर्ण एका फेरीचा फरक आहे. एखादं चाक किती फिरलं हे मोजत असाल तर ती फेरी गाळून कसं चालेल?

दशांशातला कोन. २२.५ अंश. २२.५/१८० मधला दशांश काढायला वर-खाली २ ने गुणा: ४५/३६० = १/८. उत्तर π/८. छेद ८ आला, पण कोन पूर्ण अंशांत नव्हता, तेव्हा वरच्या नियमाला बाध येत नाही.

अंश-मिनिटं-सेकंद. सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश जाऊ. १ अंश म्हणजे ६० मिनिटे आणि १ मिनिट म्हणजे ६० सेकंद. ही कोनाची मिनिटं, वेळेची नव्हेत. जुन्या ज्योतिर्गणितात यांनाच कला आणि विकला म्हणत. समजा कोन १८ अंश २५ मिनिटे ३० सेकंद आहे. उजवीकडून सुरुवात करा. ३० सेकंद ÷ ६० = ०.५ मिनिट. ते मिनिटांत मिळवा: २५.५ मिनिटे. २५.५ ÷ ६० = ०.४२५ अंश. ते अंशांत मिळवा: १८.४२५ अंश. आता नेहमीप्रमाणे १८.४२५ × ०.०१७४५३३ = ०.३२१५८ रेडियन.

हमखास होणारी चूक अशी, की १८ अंश २५ मिनिटे ३० सेकंद म्हणजे १८.२५३० अंश असं धरलं जातं. त्याने उत्तर ०.३१८५७ येतं. फरक तिसऱ्या दशांशस्थळी पडतो, त्यामुळे ६० ने भागायच्या ढोबळ पडताळ्यात तो सापडतही नाही. म्हणून मिनिटं-सेकंद दिसले की पहिलं काम ते दशांशात आणणं, बाकी सगळं नंतर.

नेहमीचे कोन तोंडावर कसे येतात

३०, ४५, ६०, ९० या कोनांचा तक्ता बहुतेक पुस्तकांत असतो. तो जसाच्या तसा घोकण्यापेक्षा तो कसा बनतो ते बघा, म्हणजे कायमचा हातात राहील. छेद सांगतो की अर्ध्या फेरीचे किती समान भाग केले, आणि π च्या आधीचा आकडा सांगतो त्यातले किती घेतले. π/६ म्हणजे १८० चे सहा भाग, प्रत्येकी ३०. π/४ म्हणजे चार भाग, प्रत्येकी ४५. π/३ म्हणजे ६०. π/१२ म्हणजे १५.

आता १५० अंश दिसले की ‘पाच वेळा ३०’ म्हणा आणि ५π/६ लिहा. २२५ म्हणजे पाच वेळा ४५, ५π/४. ३०० म्हणजे पाच वेळा ६०, ५π/३. ३३० म्हणजे अकरा वेळा ३०, ११π/६. ७५ म्हणजे पाच वेळा १५, ५π/१२. कागदाची गरज लागत नाही.

याच रीतीने उलटही जाता येतं. ७π/१२ रेडियन दिलेत? π रेडियनच्या जागी १८० अंश ठेवा: १८० चा बारावा भाग १५, त्याची सातपट १०५ अंश. π नसलेला कोन आला, उदाहरणार्थ २.५ रेडियन, तर ५७.२९५८ ने गुणा: १४३.२३९५ अंश. मिनिटं हवी असतील तर ०.२३९५ ला ६० ने गुणा, १४.३७ मिनिटे. त्यातल्या ०.३७ ला पुन्हा ६० ने गुणलं की २२ सेकंद. म्हणजे १४३ अंश १४ मिनिटे २२ सेकंद.

काही पाठ्यपुस्तकांत रेडियन दाखवायला संख्येच्या डोक्यावर बारीक ‘सी’ अक्षर काढतात आणि अंश दाखवायला बारीक शून्य. हाताने भरभर लिहिताना ते ‘सी’ शून्यासारखं दिसू लागतं. शक्यतो ‘रेडियन’ असा पूर्ण शब्द लिहा. ‘अंश’ची खूण मात्र कधीही गाळू नका. ती गाळली की वाचणारा कोन रेडियनमध्येच धरणार.

π ची किती दशांशस्थळं घ्यायची

उत्तर π मध्ये ठेवता येत असेल तर तसंच ठेवा, ते अचूक असतं. दशांशात न्यायचंच असेल तर अगदी शेवटच्या पायरीत न्या. २२/७ वापरलं तर ३७ अंशांचं उत्तर ०.६४६० येतं, खरं आहे ०.६४५८. शाळेतल्या उदाहरणाला ते चालून जाईल, मोजमापाच्या कामाला नाही. अपूर्णांकच हवा असेल तर ३५५/११३ घ्या, तो सहा दशांशस्थळांपर्यंत π शी जुळतो. आणि १ अंश = ०.०१७ असं छाटून तर अजिबात घेऊ नका: १८० × ०.०१७ = ३.०६, म्हणजे अर्ध्या फेरीत अडीच टक्क्यांहून जास्त गायब.

कॅल्क्युलेटर आणि संगणक

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर कोनाचे तीन मोड असतात: डिग्री, रेडियन आणि ग्रेडियन. ग्रेडियनमध्ये पूर्ण फेरीचे ४०० भाग असतात. कोणतंही उदाहरण सुरू करण्याआधी साइन ३० काढून बघा. ०.५ आलं तर मोड अंशांचा आहे. −०.९८८ आलं तर रेडियनचा, कारण कॅल्क्युलेटरने ३० रेडियन, म्हणजे पावणेपाच फेऱ्यांहून जास्त, असं धरलं. ०.४५४ आलं तर मोड ग्रेडियनचा आहे. हा तिसरा प्रकार सगळ्यांत घातक, कारण ०.४५४ हे ०.५ च्या इतकं जवळ आहे की उत्तर पाहून शंकाच येत नाही.

स्प्रेडशीटमध्ये आणि बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये असा मोड नसतो. तिथे साइन, कोसाइन, टॅन ही फंक्शन्स कोन रेडियनमध्येच धरतात. अंश दिले तर ती तक्रार करत नाहीत, मुकाट्याने चुकीचं उत्तर देतात. एक्सेलमध्ये अंशांचे रेडियन करून देणारं ‘रेडियन्स’ नावाचं फंक्शन आहे, पायथनच्या मॅथ मोड्यूलमध्येही त्याच नावाचं आहे. जावास्क्रिप्टमध्ये असं तयार फंक्शन नाही, तिथे कोनाला π/१८० ने स्वतःच गुणावं लागतं. उलट साइन, उलट टॅन अशा फंक्शन्सचं उत्तरही रेडियनमध्ये मिळतं, ते अंशांत हवं असेल तर १८०/π ने गुणायचं.

दुसरा धोका रूपांतर दोनदा होण्याचा. ३० अंशांचे ०.५२३६ रेडियन झाले, आणि प्रोग्रॅममध्ये पुढे कुठेतरी तेच पुन्हा रूपांतरित झाले तर ०.००९१ उरतात. आकृती जवळजवळ फिरतच नाही आणि कारण सापडता सापडत नाही. यावर माझा साधा नियम: माहिती आत येताना एकदाच रेडियन करायचे, सगळं गणित रेडियनमध्ये चालू द्यायचं, आणि माणसाला दाखवताना शेवटी एकदाच अंश करायचे. शिवाय व्हेरिएबलच्या नावातच ‘रेडियन’ किंवा ‘डिग्री’ लिहायचं.

एवढा खटाटोप कशासाठी

अंश सुटसुटीत आहेत, मग रेडियन हवेतच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर सूत्रांमध्ये दिसतं. कोन रेडियनमध्ये असेल तर कंसाची लांबी = त्रिज्या × कोन. रेडियनची व्याख्याच ती आहे. वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ = १/२ × त्रिज्येचा वर्ग × कोन. समजा त्रिज्या १२ सेंटीमीटर आणि कोन ७५ अंश. ७५ अंश = ५π/१२. कंस = १२ × ५π/१२ = ५π, म्हणजे १५.७१ सेंटीमीटर. क्षेत्रफळ = १/२ × १४४ × ५π/१२ = ३०π, म्हणजे ९४.२५ चौरस सेंटीमीटर. रूपांतर विसरून नुसते ७५ घातले असते तर कंस ९०० सेंटीमीटर झाला असता, आणि अख्ख्या वर्तुळाचा परीघ आहे अवघा ७५.४ सेंटीमीटर.

फिरत्या चाकाचंही असंच. मिनिटाला १२० फेरे म्हणजे सेकंदाला २ फेरे, म्हणजे कोनीय वेग ४π रेडियन प्रति सेकंद. त्रिज्या ०.३ मीटर असेल तर कडेचा वेग ०.३ × ४π = ३.७७ मीटर प्रति सेकंद. एका गुणाकारात काम झालं.

लहान कोनांच्या बाबतीत तर रेडियनची खरी गंमत दिसते. ५ अंश = ०.०८७२६६ रेडियन, आणि साइन ५ अंश = ०.०८७१५६. कोन आणि त्याची ज्या (साइनचं जुनं नाव) जवळजवळ सारखीच. कोन ३० अंशांपर्यंत वाढला की ०.५२३६ आणि ०.५ असा फरक दिसायला लागतो. ही जवळीक फक्त रेडियनमध्येच मिळते. कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) साइनचं विकलन (डेरिव्हेटिव्ह) कोसाइन येतं तेही याच आधारावर. कोन अंशांत ठेवला तर प्रत्येक विकलनात π/१८० चा गुणक शेपटासारखा मागे येत राहतो.

आर्यभटाच्या ज्या-सारणीत हेच सापडतं. ‘आर्यभटीय’ इ. स. ४९९ च्या सुमाराचं. त्या सारणीत त्रिज्या ३४३८ धरली आहे. हा आकडा कुठून आला? पूर्ण वर्तुळ ३६० × ६० = २१,६०० कलांचं (कला म्हणजे कोनाचं मिनिट). त्याला २π ने भागा: ३४३७.७५, पूर्णांकात ३४३८. म्हणजे त्रिज्या आणि कंस दोन्ही एकाच मापात, कलांमध्ये, मोजले आहेत. एका रेडियनमध्ये नेमक्या तेवढ्याच कला असतात. सारणीतली पहिली ज्या २२५ कलांच्या कंसाची, आणि तिची किंमतही २२५. लहान कोनाची ज्या त्याच्या कंसाइतकीच असते, ती अशी. युरोपात इंग्लिश गणिती रॉजर कोट्स याने १७१४ मध्ये कोन मोजण्याची ही रीत स्पष्टपणे मांडली. ‘रेडियन’ हे नाव छापील स्वरूपात आलं ते त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी, १८७३ मध्ये, जेम्स थॉमसन यांनी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजसाठी काढलेल्या प्रश्नपत्रिकेत.

कधी रूपांतर करायचंच नसतं

रेडियनमध्ये उत्तर हवं असलं की आधी अंशांत सोडवून मग रूपांतर करायचं, ही सवय सोडून द्या. त्रिकोणाच्या कोनांचं गुणोत्तर २ : ३ : ४ आहे, कोन रेडियनमध्ये काढा. तिन्ही कोनांची बेरीज π. एकूण भाग ९. कोन झाले २π/९, ३π/९ म्हणजे π/३, आणि ४π/९. अंश मध्ये आलेच नाहीत. सुसम पंचकोनाचा आंतरकोन हवा असेल तर सगळ्या आंतरकोनांची बेरीज ३π, पाच कोन, म्हणून ३π/५.

घड्याळाचं उदाहरणही असंच. ४ वाजून २० मिनिटांनी दोन काट्यांमधला कोन किती? मिनिटकाटा ४ च्या अंकावर आहे. तासकाटा ४ च्या पुढे सरकला आहे. तो तासाला π/६ सरकतो, २० मिनिटांत त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे π/१८. काट्यांमधला कोन π/१८ रेडियन.

सरावासाठी

आधी स्वतः करा, मग खाली बघा. (१) ९६ अंश, (२) −३१५ अंश, (३) ६७ अंश ३० मिनिटे, यांचे रेडियन करा. (४) ११π/१८ रेडियन आणि (५) ३ रेडियन यांचे अंश करा. (६) त्रिज्या ९ सेंटीमीटर, कंस ६ सेंटीमीटर, तर केंद्रीय कोन रेडियनमध्ये आणि अंशांत काढा.

उत्तरं: (१) ८π/१५. (२) −७π/४. (३) ६७.५/१८० = ३/८, म्हणून ३π/८. (४) अठरावा भाग १०, त्याची अकरापट ११० अंश. (५) १७१.८८७ अंश, म्हणजे १७१ अंश ५३ मिनिटे १४ सेकंद. π रेडियनहून ३ रेडियन किंचित कमी, म्हणून उत्तर १८० च्या थोडं अलीकडे यायलाच हवं. (६) कोन = ६/९ = २/३ रेडियन, साधारण ३८ अंश १२ मिनिटे. इथे π कुठेच नाही आणि तो आणायचाही नाही: कंस आणि त्रिज्या दोन्ही मोजून दिलेल्या आहेत, त्यांचं गुणोत्तर हाच रेडियनमधला कोन.